शेजारचा बाक रिकामा का?

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत सकाळी एकच दृश्य दिसू लागते. टाय लावलेली, बूट चकचकीत केलेली मुले दाटीवाटीने बसवून रिक्षा आणि पिवळ्या बसगाड्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे धावत असतात. वाटेत जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा लागते. तिच्या फाटकातून बांधकाम मजुराची, धुणीभांडी करणाऱ्या बाईची, तांड्यावरून शहरात आलेल्या कुटुंबाची मुले आत जात असतात. एकाच गल्लीत राहणारी ही दोन मुले वयाच्या सहाव्या वर्षी एकमेकांपासून दूर होतात आणि पुढे बहुधा आयुष्यभर दूरच राहतात. एक मालक म्हणून भेटतो, दुसरा नोकर म्हणून. एक डॉक्टर म्हणून, दुसरा रुग्ण म्हणून. वर्गमित्र म्हणून ते कधीच भेटत नाहीत.

ही दरी बुजावी म्हणून देशाने कायदा केला. २००९ साली संसदेने बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मान्य केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो कायदा लागू झाला. पालकांच्या तोंडी ज्याचे नाव केवळ 'आरटीई' आहे, त्या या कायद्यातील सर्वाधिक गाजलेली तरतूद म्हणजे विनाअनुदानित खासगी शाळांच्या प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखून ठेवण्याची. या तरतुदीवरून गेली काही वर्षे महाराष्ट्रात सरकार, संस्थाचालक, पालक आणि न्यायालय यांच्यात जे काही घडले, ते केवळ प्रशासकीय वाद म्हणून सोडून देण्यासारखे नाही. शाळा नावाच्या संस्थेकडून समाजाला नेमके काय हवे आहे, हा मूलभूत प्रश्न त्याच्या तळाशी आहे.

सोडत आणि सोबत

घटनाक्रम थोडक्यात असा. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियमांत दुरुस्ती केली. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात शासकीय अथवा अनुदानित शाळा असेल, त्या खासगी शाळेवर २५ टक्के प्रवेशाचे बंधन राहणार नाही, असे तिचे स्वरूप होते. वंचित मुलांनी प्रथम जवळच्या सरकारी व अनुदानित शाळांचाच विचार करावा, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरविली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. केंद्रीय कायद्याने दिलेला हक्क राज्याच्या नियमाने हिरावून घेता येत नाही, हा न्यायालयाचा विचार सरळ होता आणि तो योग्यच होता.

पण या प्रकरणातील अधिक बोलके सत्य न्यायालयाबाहेर दिसले. त्याआधीच्या वर्षी राज्यात या प्रवेशाच्या सुमारे एक लाख जागांसाठी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले होते. दुरुस्तीनंतर सरकारी व अनुदानित शाळा धरून कागदावरील जागा कित्येक पटींनी वाढल्या. अर्ज मात्र लाखाच्याही खाली घसरले. जिल्हा परिषदेच्या शाळेत तर अर्जाविनाही प्रवेश मिळतो, मग अर्ज कशाला करायचा, हे त्याचे एक कारण खरे. परंतु गरीब पालकांचा निर्वाळाही त्यातून स्वच्छ ऐकू येतो. त्यांना जागा हवी होती ती तिथे, जिथे इतरांची मुले जातात. त्यांना फुकटची फी हवी नव्हती. त्यांना सोबत हवी होती.

सोडतीने ही सोबत मिळते का? प्रवेश मिळतो, हे निश्चित. वार्षिक एक लाख रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मूल एरवी ज्या फाटकातून आत जाऊ शकले नसते, तिथे ते जाते. ही लहान गोष्ट नाही. परंतु वर्गात गेल्यावर त्याचे नाव काय पडते? 'आरटीईवाला.' कायद्याने भेदभावास स्पष्ट मनाई केलेली आहे. तरीही सहलीची वर्गणी, स्नेहसंमेलनाचा पोशाख, वाढदिवसाचे चॉकलेट, प्रकल्पाचे साहित्य अशा शंभर छोट्या प्रसंगांनी त्या मुलाला त्याची पायरी दाखवून देता येते. शासनाकडून प्रतिपूर्तीची रक्कम वर्षानुवर्षे थकते, ही संस्थाचालकांची तक्रार आहे आणि ती अनाठायी नाही. पण शासनाची थकबाकी त्या सहा वर्षांच्या बालकाच्या खात्यावर मांडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

सातासमुद्रापलीकडचा धडा

असाच वाद सध्या अमेरिकेत पेटलेला आहे. विविधता, समन्याय आणि समावेशन या तीन शब्दांच्या नावाने तेथील शाळा-महाविद्यालयांतून अनेक वर्षे जे कार्यक्रम चालले, त्यांच्याविरुद्ध २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा सत्तेवर आलेल्या ट्रम्प प्रशासनाने मोहीमच उघडली. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी तेथील शिक्षण खात्याने शिक्षणसंस्थांना पत्र धाडून असे कार्यक्रम चालू ठेवल्यास केंद्रीय निधी गमवावा लागेल, असा इशारा दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये मेरिलँडमधील केंद्रीय न्यायालयाने ते पत्र रद्दबातल ठरविले. एका पक्षाला या कार्यक्रमांत न्यायाची पूर्तता दिसते. दुसऱ्याला त्यात वंशावरून माणसे मोजण्याची नवी रीत दिसते.

आपल्याकडे या वादाचे पडसाद दोन तऱ्हांनी उमटले. काही पुरोगामी मंडळींना अमेरिकेतील परिभाषा जशीच्या तशी येथे आणण्याची घाई झाली. दुसरीकडे, ट्रम्प यांनी तिकडे काही मोडले म्हणून इकडे आनंद मानणारेही निघाले. दोन्ही प्रतिक्रिया उसन्या आहेत. आपल्या राज्यघटनेने मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतुदी करण्याचा मार्ग आरंभीच्या काळातच स्वीकारला. तो अमेरिकेकडून घेतलेला नाही आणि अमेरिकेने आपला मार्ग बदलला म्हणून येथे तो बदलण्याचेही कारण नाही. मात्र अमेरिकेच्या अनुभवातून घेण्यासारखा एक धडा आहे, आणि तो या ताज्या भांडणापेक्षा बराच जुना आहे.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. निकाल ऐतिहासिक होता. पुढे बोस्टनसारख्या शहरात १९७४ साली न्यायालयाच्या आदेशाने मुलांना बसमधून एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीतील शाळांत नेण्यास प्रारंभ झाला. त्यावर अनेक गोऱ्या कुटुंबांनी काय केले? त्यांनी निकाल मोडला नाही. ती निघून गेली. कोणी उपनगरात घर घेतले, कोणी मुलांना खासगी शाळेत घातले. कायदा मुलांना ज्या वर्गात एकत्र बसविणार होता, त्या वर्गातून एक बाजूच उठून गेली. न्यायालय दार उघडू शकते. आत बसलेल्यांना बसते ठेवू शकत नाही. समावेशनाच्या सगळ्या योजना अखेर या एका खडकावर आपटतात.

लातूर-नांदेडच्या वाचकाला हा संदर्भ परका वाटू नये. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे व संस्कृतीचे मराठीतील मान्यवर अभ्यासक. जो लातूर पॅटर्न आज देशभर ओळखला जातो, त्याच्या उभारणीत ज्यांचा वाटा होता, त्यांनी निग्रोंच्या दुःखाचाही अभ्यास केला होता. पॅटर्नमधील गुण सर्वांनी उचलले; त्या अभ्यासामागील वेदना किती जणांनी उचलली?

मराठवाड्याची पुण्याई आणि मराठवाड्याचे पाप

शिक्षण ही सरकारने द्यावयाची आणि समाजाने घ्यावयाची वस्तू आहे, असे या भूमीने कधी मानले नव्हते. निजामी राजवटीत मातृभाषेतून शिकण्याची वाट अरुंद होती. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि खासगी शाळा काढण्यावरही निर्बंध होते. अशा काळात १९२१ साली आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढे तिचे मुख्याध्यापक झालेले स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी संस्थेत गेले आणि त्याच पिढीने हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला आणि दोनच वर्षांत, १९५० साली, नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. नावातच लोक होते. फाटक्या खिशाच्या समाजाने आपल्या मुलांसाठी उभारलेल्या या संस्था. ही मराठवाड्याची पुण्याई.

परंतु पुण्याईबरोबर पापाचाही हिशेब ठेवावा लागतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. त्याची भीषण झळ नांदेड जिल्ह्यातील खेड्यांना बसली. दलित बांधवांची घरे जळाली, माणसे मारली गेली. तो प्रश्न १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्ताराने सुटला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे स्वतंत्र विद्यापीठ अस्तित्वात आले. सोळा वर्षे एका नावासाठी लागली. ज्या बालकाला साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्याच बालकाचे नाव पुढे ज्ञानमंदिरावर लावताना समाजाच्या एका भागाने आग लावली, हे विसरून समरसतेची भाषा बोलता येणार नाही.

१९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, अशा आशयाचे निःसंदिग्ध प्रतिपादन केले होते. त्या भाषणाला अर्धशतक उलटून गेले. त्याचे पारायण पुष्कळ झाले. त्याची परीक्षा मात्र सभागृहात होत नाही. ती शाळेच्या वर्गात होते.

विविधता भाषणात नव्हे, पटावर

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांना विविधतेवर व्याख्यान देण्याची गरज नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या घरांत तेलुगू बोलली जाते. उदगीर, देवणी, निलंग्याच्या सीमेवर कन्नड कानी पडते. मुखेड, कंधारच्या तांड्यांवर गोरमाटी आहे, किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी आहे, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराभोवती पंजाबी आहे आणि दोन्ही शहरांच्या मोहल्ल्यांत दख्खनी उर्दू आहे. अशा प्रदेशात पहिलीच्या वर्गात शिक्षक प्रथम 'पाणी' म्हणतो, तेव्हा समोरची सारी मुले तोच शब्द घरून घेऊन आलेली असतात असे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समन्यायी व समावेशक शिक्षणासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि शक्य तेथे आरंभीचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे, असा आग्रह धरला. तो आग्रह किनवटच्या वाडीत पोहोचायचा तर कोलामी समजणारा एक शिक्षक लागतो. घोषणाफलकाने ते काम होत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचेही तसेच. दिवाळी सरली की मुखेड-कंधारच्या तांड्यांवरून बैलगाड्या आणि ट्रक कारखान्यांच्या दिशेने निघतात. मुलाचे नाव गावच्या पटावर राहते आणि मूल उसाच्या फडात. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे: आईवडील फडावर, मूल गावात, जेवणाखाण्याची सोय शाळेमार्फत. योजना चांगली आहे. पण हंगाम सुरू होतो त्या दिवशी वसतिगृह सुरू झाले नाही, तर महिनाभराने सुरू होऊन उपयोग काय? तोवर बैलगाडी पोहोचलेली असते. समन्याय म्हणजे काय याची व्याख्या शोधण्यासाठी परदेशी ग्रंथ चाळण्याची आवश्यकता नाही. ज्या दिवशी बैल जुंपले जातात, त्या दिवशी वसतिगृहाची चूल पेटणे, याचे नाव समन्याय.

कायद्यातील दोन खिंडारे

आरटीई कायद्यात दोन खिंडारे आहेत आणि दोहोंविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे.

पहिले वयाचे. कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंत. सोडतीने पहिलीत आलेले मूल आठ वर्षे एका शाळेत घालविते, तेथील भाषा, मित्र, शिस्त आत्मसात करते आणि नववीच्या उंबरठ्यावर येते, तेव्हा त्याच्या वडिलांच्या हाती पूर्ण फीचा कागद पडतो. वडिलांचे उत्पन्न आठ वर्षांत तेवढे वाढलेले नसते. तेव्हा ते मूल दहावीच्या तोंडावर शाळा बदलते, अनेकदा माध्यमही बदलते. लातूर पॅटर्नचा सारा पाया दहावीनंतरच्या दोन वर्षांवर उभा. आणि नेमक्या त्या पायरीच्या आधी या मुलाची शिडी काढून घेतली जाते. दहावीपर्यंत, शक्यतो बारावीपर्यंत हा हक्क वाढविणे हे कोणत्याही पक्षाच्या सरकारला शोभून दिसेल असे काम आहे.

दुसरे खिंडार अल्पसंख्य संस्थांचे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती खटल्यात अल्पसंख्य संस्थांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. परिणाम असा की एकाच रस्त्यावरील दोन शाळांपैकी एकीवर गरीब मुलाची जबाबदारी आणि दुसरी मोकळी. यात तोटा सर्वाधिक कोणाचा? अल्पसंख्य समाजातीलच गरीब मुलाचा. कारण त्याच्या समाजाच्या नावाने सवलत घेणाऱ्या नामांकित शाळेवर त्याला घेण्याचे बंधन नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठानेच या सरसकट सवलतीच्या योग्यतेविषयी शंका उपस्थित करून हा विषय मोठ्या पीठासमोर जावा, असे म्हटले. मुलाच्या हक्काला धर्माची चाळणी नसावी, ही अपेक्षा कोणाच्याही विरोधात नाही. ती सर्व धर्मांतील गरिबांच्या बाजूची आहे.

मात्र या दुसऱ्या खिंडाराकडे बोट दाखवून बहुसंख्य समाजाची सुटका होत नाही. नांदेड-लातूरमध्ये जिल्हा परिषद शाळांचे बाक रिकामे झाले, ते काही प्रमती निकालाने नव्हे.

उठून गेलेला वर्ग

हे बाक रिकामे केले ते शिकलेल्या हिंदू मध्यमवर्गाने. हे वाक्य कटू आहे, परंतु टाळता येण्यासारखे नाही. आज शिक्षक, तलाठी, डॉक्टर, वकील, प्राध्यापक म्हणून मानाने वावरणाऱ्या पिढीपैकी फार मोठी संख्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. त्यांच्या वर्गात पाटलाचा मुलगा होता, न्हाव्याचा होता, मांगवाड्यातला होता, तेल्या-तांबोळ्याचा होता. ती शाळा निर्दोष होती असे मुळीच नाही; पाण्याच्या माठाशी आणि पंगतीत जात आडवी येतच होती. पण भांडायला तरी सारे एकत्र होते. त्या शाळेने ज्यांना वर काढले, त्यांनी वर पोहोचताच पहिले काम केले ते आपल्या मुलाला त्या शाळेतून काढून घेण्याचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणाऱ्या अनेक शिक्षकांची मुले त्याच शाळेत नसतात, हे गावातील प्रत्येक शेतमजुराला ठाऊक असते. आणि तो त्यातून काढायचा तो अर्थ काढतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो प्रामाणिक आहे. पालकांनी तत्त्वासाठी मुलाचे भवितव्य पणाला लावावे काय? ज्या शाळेत दोन शिक्षकांवर चार वर्ग, ज्या शिक्षकाला शिकविण्याऐवजी सर्वेक्षणे आणि माहिती भरण्याची कामे, तेथे आपले मूल घालणे म्हणजे त्याचा बळी देणे नव्हे काय? आईबापांच्या काळजीला दोष देता येत नाही. परंतु कार्यकारणाचा क्रम तपासला पाहिजे. शाळा घसरली म्हणून मध्यमवर्ग गेला, हे अर्धे सत्य. मध्यमवर्ग गेला म्हणून शाळा अधिक वेगाने घसरली, हे उरलेले अर्धे. तक्रार करता येणारा, अर्ज लिहिता येणारा, गटशिक्षणाधिकाऱ्यासमोर बसून जाब विचारणारा पालकच उठून गेला. मागे राहिले त्यांना रोजगार बुडवून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला येणे परवडत नाही. पट घटला, पट घटला म्हणून शिक्षक घटले, शिक्षक घटले म्हणून आणखी पालक गेले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला, तो या उतरंडीचा शेवटचा थर होय. वाडीवरची शाळा मिटली की पहिली घरी बसते ती मुलगी.

या व्याधीवर आदेशाचा उपायही सुचविला गेला. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सरकारी वेतन घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांतच घालावीत, असा निर्णय उत्तर प्रदेशासाठी दिला होता. त्याची अंमलबजावणी झाली नाही, आणि बहुधा होणारही नव्हती. बोस्टनने शिकविलेला धडा तोच. जे आदेशाने बसतात, ते वाट मिळताच उठतात.

मग उपाय कोणता? तो नवा नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. वेगळी पण चांगली शाळा, हा विचार त्यांना पुरेसा वाटला नाही. पुढे १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंग कोठारी आयोगाने समान शाळा पद्धतीची शिफारस केली. त्या वस्तीतील सारी मुले, जात-धर्म-उत्पन्न न पाहता, त्या वस्तीच्या शाळेत जातील, ही शेजारशाळेची कल्पना. श्रीमंत पालकाचा स्वार्थ सर्वांच्या शाळेशी जोडला, तर शाळा आपोआप सुधारते, हे आयोगाने ओळखले होते. १९६८ च्या धोरणाने ती शिफारस स्वीकारली. व्यवहारात कोणी स्वीकारली नाही. २५ टक्क्यांची तरतूद ही त्या मोठ्या स्वप्नाची उरलेली छोटी चिंधी आहे. ती जपली पाहिजे. पण चिंधीलाच वस्त्र समजण्याची चूक होऊ नये. शंभरांतील पंचवीस मुलांना वेचून दुसरीकडे नेणे हा न्यायाचा आरंभ. मागे राहिलेल्यांची शाळा सर्वांना हवीशी करणे ही त्याची पूर्तता.

समरसतेची कसोटी

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीसमोर बोलताना डॉ. आंबेडकरांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी अविभाज्य आहे, असे बजावले होते. बंधुतेवाचून समता आणि स्वातंत्र्य टिकणार नाहीत, हा त्यांचा इशारा. समता कायद्याने देता येते. तिच्यासाठी नियम, टक्केवारी, सोडत असे सारे करता येते. बंधुतेची सोडत काढता येत नाही. ती सहवासातून उगवते, आणि सहवासाचे सर्वांत कोवळे, सर्वांत सुपीक वय म्हणजे शाळेचे पहिले वर्ष. त्या वयात एका डब्यातून भाकरी खाल्लेली मुले मोठेपणी जातीच्या नावाने हाक ऐकून दगड उचलताना थबकतील. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेच नाही, त्यांना कोण थांबविणार? १९७८ चे उत्तर याच प्रश्नात दडलेले आहे.

म्हणून राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे आणि ते सोपे नाही. समरसता यात्रा, सहभोजने, जयंत्या यांचे स्थान आहेच. परंतु दोन तासांच्या सहभोजनापेक्षा दहा वर्षांचा सहाध्याय मोठा. गावातील दोन-चार सुस्थित कुटुंबांनी ठरवून एकत्र आपली मुले गावच्या शाळेत घालावीत. एकट्या कुटुंबाला ते धाडस वाटते. चार कुटुंबांनी केले तर तो पायंडा होतो. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी निदान शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला हजर राहून शिक्षकांच्या रिक्त जागांचा पाठपुरावा करावा. तांड्यावरील हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू व्हावे म्हणून आश्विनातच पंचायत समितीत जाऊन बसावे. नववीत फीसाठी शाळा सोडू पाहणाऱ्या मुलांची यादी करावी. एखाद्या गणेशमंडळाच्या मांडवाच्या खर्चात अशा काही मुलांची दहावी निश्चित पार पडेल.

राष्ट्रीय विचारांच्या मंडळींनी चालविलेल्या खासगी शाळांनाही ही कसोटी चुकत नाही. त्यांच्या प्रार्थनेत सारा भारत बंधू असतो. त्यांच्या पटावर तो किती आहे, हे एकदा मोजून पाहावे. आरटीईचे प्रवेश हे त्यांच्यासाठी शासनाने लादलेले ओझे असू नये, ते त्यांच्या स्थापनेचे प्रयोजन असावे. प्रतिपूर्ती आली नाही तर शासनाशी भांडावे, अवश्य भांडावे; मुलाशी नव्हे. आणि २५ टक्क्यांपुढे एक टक्का स्वेच्छेने देणारी पहिली संस्था लातूरला किंवा नांदेडला निघाली, तर त्या दिवशी आणखी एक लातूर पॅटर्न जन्माला येईल, ज्यात गुणपत्रिकेचा उल्लेखही नसेल.

पुढच्या जूनमध्ये शाळा पुन्हा उघडतील. पिवळ्या बसगाड्या धावतील, जिल्हा परिषदेच्या शाळेची घंटा वाजेल. गल्लीच्या टोकाला डॉक्टरचे आणि बांधकाम मजुराचे, अशी सहा वर्षांची दोन मुले उभी असतील. त्यांना अजून एकमेकांची जात ठाऊक नसेल, उत्पन्नाचा दाखला ठाऊक नसेल. ती दोघे एकाच दिशेने चालू लागतील की दोन दिशांना, हे संसदेने किंवा न्यायालयाने ठरवावयाचे उरलेले नाही. ते त्या गल्लीतील थोरांनी ठरवावयाचे आहे.